गाड्यांवरील अन्याय निवारण समिती

"आजपासून नंदुरबार जिल्ह्यात एकही गाडी दुसऱ्या गाडीवर अन्याय करू धजणार नाही!" अशी घोषणा हेमकांत आप्पा पाटील यांनी कळसाडीच्या सभागृहात उभं राहून केली, तेव्हा टाळ्या इतक्या जोरात वाजल्या की बंद पंख्यावर बसलेली कबुतरं उडाली. घोषणेचं गांभीर्य ओळखून गावकऱ्यांनी सकाळीच आवार झाडून घेतलं होतं. गाड्या लावायला फक्कीने चौकोन आखले होते, आणि मध्येच उभा राहिलेला केळीचा ट्रक शिव्या देऊन बाहेर काढला होता. सभा संपली तरी चौकोन रिकामेच राहिले. गाड्या आल्या नाहीत. त्या येणारही नव्हत्या, कारण त्या मुळात नव्हत्याच. त्या संगणकाच्या पडद्यावर होत्या, आणि वीज गेली की तिथेही नसत.

प्रकरण मुळात साधं होतं. आप्पांची सून मयूरी हिला संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळण्याचा नाद होता. नवरा हेमराज सकाळी केळीच्या बागेत गेला, की ती जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसवायची आणि जगभरातल्या वळणांवरून गाडी अशी काढायची की टेबलावरचं लोणच्याचं भांडं जागचं हलायचं नाही. तिची पडद्यावरची गाडी छोटी, लाल, चार दारांची. नवीन नोकरी लागलेला शिक्षक हप्त्याने घेतो तसली. पण मयूरीच्या हातात ती वळणावर अशी वळायची, जशी अनुभवी विहीण विषय वळवते.

जिल्ह्यातले असे दहा-बारा नादिष्ट तिने फोनवरून जमवले आणि 'तापी-सातपुडा आभासी मोटार शर्यत मालिका' सुरू केली. ज्याला जी आवडेल ती गाडी त्याने आणावी, असं ठरलं, आणि तिथेच माशी शिंकली. खापरच्या भाग्येशने, ज्याचं बाजारपेठेत मोबाइलचं दुकान होतं, अशी लांब, चपटी आणि जमिनीला चिकटलेली गाडी निवडली, की बोकडाने तिच्यावरून सहज उडी मारावी. चिंचपाड्याचा दावीद गावित खऱ्या आयुष्यात भाताची पोती आणि भाजीपाला वाहणारी पिकअप चालवायचा. त्याने खेळातही पिकअपच घेतली.

"दुसरी घे ना, दावीदभाऊ. इथे फुकट आहेत," मयूरीने सुचवलं होतं.

"नको ताई. दुसऱ्या गाडीत आरशात बघितलं की मागे पोती दिसत नाहीत. जीव घाबरतो."

पहिल्या सराव शर्यतीत भाग्येश पहिला आला, मयूरी थोडक्यात दुसरी आली आणि दावीद दुसऱ्या दिवशी आला असता, पण शर्यत आधीच संपवण्यात आली. "भाग्येशभाऊ मला वाटेत दोनदा भेटले," दावीदने शांतपणे तक्रार नोंदवली, "आणि दोन्ही वेळा हॉर्न मारून गेले. राम राम तरी म्हणायचं."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच सुमारास अशाच आभासी शर्यती खेळणाऱ्या पुण्याच्या एका संघाने कळवलं, की प्रत्येक जिल्ह्यातल्या मालिकेच्या विजेत्याला निवड शिबिराला बोलावलं जाईल. अट एकच: मालिकेत वेगवेगळ्या गाड्या असतील, तर नियम सर्वांना न्याय देणारे हवेत. ते वाचल्यापासून मयूरीला झोप गोड लागेना. तिला त्या शिबिराला जायचं होतं. सासर चांगलं होतं, नवरा चांगला होता, केळीला घड चांगले लागले होते. फक्त कुणीतरी जाणत्या माणसाने एकदा घड्याळ लावून तिला गाडी चालवताना बघावं, एवढंच तिला हवं होतं. आणि म्हणून तिने आयुष्यातली मोठी चूक केली. ती सासऱ्यांकडे गेली.

हेमकांत आप्पा सहकार खात्यातून निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी संस्थांचे पोटनियम लिहिण्यात घालवली होती. त्यांच्या पोटनियमांमुळे किती संस्था भरभराटीला आल्या याची नोंद सापडत नाही. किती बंद पडल्या याची सापडते. घरातही ते कार्यालयीन मराठी बोलत. जेवायला बसताना "पोळी सादर करावी" म्हणत आणि पोट भरलं की "प्रकरण निकाली काढण्यात येत आहे" म्हणून उठत.

"आप्पा, एक छोटासा नियम करून द्या," मयूरी म्हणाली. "जी गाडी जास्त पळते तिच्यावर थोडं वजन टाकायचं, म्हणजे सगळ्यांना संधी मिळेल. जगभर असंच करतात. एकच नियम."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांत अशी चमक कुणी पाहिली नव्हती. "एकच नियम असं काही नसतं, सूनबाई," ते म्हणाले. "नियम हा कळपाने राहणारा प्राणी आहे."

अशा रीतीने गाड्यांवरील अन्याय निवारण समिती अस्तित्वात आली. अध्यक्षपदी आप्पा, वेगवान गाड्यांच्या वतीने भाग्येश, मंद गाड्यांच्या वतीने दावीद आणि तांत्रिक सचिव म्हणून मयूरी, म्हणजे काम करायला एक जण. बाकीचे खेळाडू फोनवरून हजर राहायचे आणि चहाच्या वेळी प्रत्यक्ष यायचे.

पहिल्याच बैठकीत मयूरीने अविचाराने एक सूचना केली. "त्यापेक्षा सगळ्यांना एकच गाडी दिली तर? सगळे सारखेच होतील."

आप्पांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने भर पंगतीत ताटात हात धुतले होते. "मग समितीचं काय काम उरेल?" त्यांनी विचारलं. "प्रश्नच सोडवून टाकायचा असेल, तर तो समितीकडे कशाला आणायचा?"

"आणि एकच गाडी म्हणजे?" भाग्येश म्हणाला. "यार, मग लोक मला ओळखणार कशावरून?"

सूचना फेटाळण्यात आली आणि वजनाचा नियम चर्चेला आला. वजन क्विंटलमध्ये टाकावं, यावर एकमत झालं. पण वजन कशाचं? खेळाडूंमधल्या कापूसवाल्यांचं म्हणणं पडलं, की कापसाचं धरावं. ऊसवाले म्हणाले, कापूस गाडीबाहेर लोंबतो आणि वाऱ्याला अडतो, सबब उसाचं धरावं. पडद्यावरच्या वजनाला नाव नसतं, असं मयूरीने सांगून पाहिलं. "नाव नसलेलं वजन जबाबदारी घेत नाही," आप्पा म्हणाले. अखेर 'शेतमाल' हा सर्वसमावेशक शब्द घालून वाद मिटवण्यात आला. दुपारची पूर्ण बैठक त्यात गेली, तरी कुणी वेळ फुकट गेला म्हणालं नाही. उलट कामकाजाला वेग आल्याचं समाधान सर्वांच्या तोंडावर होतं.

आता कोणती गाडी वेगवान आणि कोणती मंद, हे ठरवायला 'वेग-निश्चिती फेरी' घेण्यात आली. जो जितका पुढे, त्याच्यावर तितकं वजन. फेरी सुरू झाली आणि जिल्ह्याने अभूतपूर्व दृश्य पाहिलं. भाग्येशची चपटी गाडी, जी डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीशी व्हायची, ती आज वरातीच्या घोड्यासारखी चालली होती. शहाद्याच्या एका खेळाडूने गाडी कडेला लावून कुणाचा तरी फोन घेतला. दावीदची पिकअप पहिल्याच चढाला थांबली. तिच्यात आज माल भरपूर आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. मयूरीला मात्र लहानपणापासून एक वाईट खोड होती. चाचणी म्हटली, की ती जीव तोडून द्यायची. ती सगळ्यांच्या आधी पोहोचली, इतकी आधी की बाकीचे येईपर्यंत तिने भाजी निवडून घेतली.

निकाल स्पष्ट होता. जिल्ह्यातली सर्वांत वेगवान गाडी म्हणजे मयूरीची चार दारांची लाल गाडी. सर्वांत मंद गाड्यांमध्ये भाग्येशची. मयूरीच्या गाडीवर तीन क्विंटल शेतमाल लादण्यात आला, आणि तांत्रिक सचिव या नात्याने तो तिने स्वतःच्या हाताने लादला.

"पण आप्पा, हे सगळे मुद्दाम हळू चालवत होते!"

"मुद्दाम म्हणजे इच्छेने," आप्पा म्हणाले. "इच्छा तपासण्याचा अधिकार समितीला नाही. समितीसमोर फक्त कामगिरी आहे, आणि तुमची कामगिरी, खेदाने नमूद करावं लागतं, उत्तम आहे."

पुढचा विषय नेटवर्कचा निघाला. तो काढला धडगावकडच्या दिग्विजयने, आणि त्याचं दुखणं खरं होतं. त्याच्या पाड्यात नेटवर्क एका टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखालीच येई. झाडाखाली दुसरं कुणी बोलत असलं, की दिग्विजयची गाडी रस्त्यात गोठायची. समितीला गहिवरून आलं. ज्यांचं नेटवर्क दुर्बल, त्यांना सवलत देण्याचं ठरलं, आणि सवलतीसाठी नेटवर्क-दुर्बलतेचा दाखला मागवण्यात आला. दाखला अर्थातच ऑनलाइन सादर करायचा होता.

आठवड्याच्या आत सगळ्यांचे दाखले आले. भाग्येशचा तर रंगीत होता. त्याच्या दुकानाच्या डोक्यावरच टॉवर होता, हे मयूरीने समितीच्या लक्षात आणून दिलं. "दिव्याखाली अंधार म्हणतात ना, ताई," भाग्येश डोळे मिचकावत म्हणाला, "तसं टॉवरखाली नेटवर्क नसतं. सायन्स आहे हे." एकाने तर आपल्या घरी नेटवर्क मुळीच येत नसल्याचं व्हिडिओ कॉल करून, स्वच्छ चित्रासह, समितीला पटवून दिलं. दाखला आला नाही तो फक्त दिग्विजयचा. नेटवर्कअभावी तो चढलाच नाही. सबब, विहित मुदतीत दुर्बलता सिद्ध न करू शकल्याने त्याचं नेटवर्क सबल समजण्यात आलं, आणि त्याच्यावर एक क्विंटल टाकण्यात आलं. मयूरीने दाखला दिला नव्हता, कारण तिच्याकडे नेटवर्क येत होतं. तिच्यावरही एक टाकण्यात आलं.

तिसरा मुद्दा भाग्येशने मांडला. जो सराव करतो तो सराव न करणाऱ्यावर अन्याय करतो, हे तत्त्व इतकं निर्विवाद होतं, की आप्पांना ते आपल्याला आधी सुचलं नाही याचं वाईट वाटलं. पण कोण किती सराव करतो, हे कळणार कसं? इथे साक्ष कामी आली, आणि ती दिली आप्पांच्याच घरून. मयूरीच्या सासूबाई जसोदाबाई भाजीवाल्याच्या गाडीपाशी चार बायकांत अभिमानाने बोलून गेल्या होत्या, "मन्ही सून दिनभर गाडी पळावस! वारा बी मांगे ऱ्हाई जास!" त्या चौघींत भाग्येशची मावशी होती.

"घरच्याच माणसाची साक्ष आहे," आप्पांनी निर्णय दिला, "म्हणजे विश्वासार्ह आहे. एक क्विंटल." आणि भविष्यात पंचाईत नको म्हणून कायमचा नियमच केला: ज्याची स्तुती होईल त्याच्यावर, प्रत्येक स्तुतीमागे, योग्य ते वजन.

जसोदाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "खोटी गाडी, खोटा रस्ता," त्या आप्पांना म्हणाल्या, "आन वजन तेवढं खरं! तुमनं डोकं जाग्यावर शे ना?"

"तुमची हरकत लेखी द्या," आप्पा म्हणाले.

"लेखी काय, आज भाजीमां मीठच टाकत नही. समजी जाशात."

नियम झाला मात्र, कळसाडीपासून खापरपर्यंत कौतुकाची एक लाटच उसळली. भाग्येशने आपल्या मोबाइलच्या स्टेटसवर मयूरीचा फोटो लावून खाली लिहिलं, 'मयूरीताई, जिल्ह्याची शान!' शहाद्याच्या खेळाडूने 'वेगाची राणी' म्हटलं. कालपर्यंत तिला ओळख न देणाऱ्यांनी तिच्या वळण घेण्याच्या पद्धतीवर भाषणं केली. खापरला तिचा जाहीर सत्कार झाला. शाल आणि नारळ देताना भाग्येशचे डोळे पाणावले होते. आप्पांनी शालीचं वेगळं आणि नारळाचं वेगळं वजन धरलं. मयूरीचं आयुष्यात इतकं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि तिची गाडी आयुष्यात इतकी कधी रखडली नव्हती. साध्या चढावर ती आता तुडुंब भरलेल्या उसाच्या ट्रॉलीसारखी मागे सरायची.

दावीद मात्र गप्प होता. त्याने तिची स्तुती केली नाही, हेच त्याने केलेलं मोठं कौतुक. एका दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, रागावू नका. चाचणीत तुम्ही खरं चालवलं ना, तिथेच चुकलात."

"मग काय करायचं होतं, भाऊ?"

"माझी पिकअप रस्त्यावर कुणी थांबवली ना, तर मी तिला आधी खोकायला लावतो. दमलेली गाडी दिसली की लोक सोडून देतात. पळणारी दिसली की पोती मोजतात."

"आणि मग पळायचं कधी?"

"तो विचार मीही करतोय," दावीद म्हणाला. "तीन पिढ्या झाल्या."

मयूरीने मग एक धोरण ठरवलं. तिने समितीकडे वजनांच्या फेरविचाराचा अर्ज केला, फेर-निश्चितीची दुसरी फेरी मंजूर करून घेतली, आणि आयुष्यात प्रथमच खराब कामगिरी करायचा निश्चय केला. एकदा वजन उतरलं, की खऱ्या शर्यतीत सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं. अडचण एवढीच, की बाकीच्या सगळ्यांनीही हेच ठरवलं होतं.

दुसऱ्या फेरीसारखी चुरशीची शर्यत खानदेशात झाली नसेल. भाग्येशच्या दुकानात मोठ्या पडद्यावर ती दाखवण्यात आली आणि बाजाराला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून बघत उभी राहिली. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. या वेळी गाडी पूर्ण उभी राहिली तर खेळ तिला बाहेर काढेल, अशी सोय केली होती, म्हणून प्रत्येक जण इंच इंच सरकत होता आणि शेजारचा आपल्या मागे जात नाही ना, हे आरशात बघत होता. मयूरीच्या कपाळावर घाम आला. इतक्या हळू गाडी चालवायला किती कौशल्य लागतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं; आणि खंत ही, की हेही तिला उत्तम जमत होतं. दावीदची पिकअप उतारावर चक्क मागे सरकली, तेव्हा दुकानात शिट्ट्या वाजल्या. पण आप्पांनी हरकत घेतली. मागे जाणं हाही वेगच, सबब दावीदवर अर्धा क्विंटल.

संध्याकाळी आप्पांनी सभागृहात अहवाल वाचून दाखवला. "समितीने हाती घेतलेलं कार्य तडीस गेलं आहे," ते म्हणाले. "लहान-मोठ्या, गरीब-श्रीमंत, चपट्या-उंच अशा सर्व गाड्यांचा वेग आज समान झाला आहे. तो शून्याच्या अगदी जवळ आहे. उरलेलं अंतर पुढील बैठकीत भरून काढण्यात येईल."

टाळ्या संपायच्या आत मयूरीचा फोन वाजला. पुण्याचा संघ होता. विजेत्याचं नाव रविवारपर्यंत हवं होतं, नाहीतर जिल्ह्याची जागा जाणार होती. ती तशीच उठली.

"आप्पा, आता एक शर्यत घेऊ. साधी. वजनं-बिजनं काढून. जो जिंकेल तो जाईल."

आप्पांना धक्का बसला. "शर्यत? आता? एवढ्या कष्टाने सगळे समान झाल्यावर?"

"हो, शर्यतीसाठीच तर..."

"शर्यत घेतली तर कुणीतरी पुढे जाईल, सूनबाई."

"जाईलच ना! त्यालाच..."

"आणि कुणी पुढे गेला, की बाकीचे मागे पडतील. जो अन्याय निवारण्यासाठी ही समिती जन्माला आली, तोच समितीच्या डोळ्यांदेखत करायचा?"

मयूरी काही म्हणणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी तो मंत्र उच्चारला, ज्यापुढे आपल्याकडे भलेभले नतमस्तक होतात. "बिनविरोध करून टाका!"

सभागृहात एकदम हायसं वाटलं. हे सगळ्यांना येत होतं. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, दूधसंघ असो, निवडणूक बिनविरोध झाली की गावाचं नाव होतं, फलक लागतात, आणि कोण किती लायक हा नाजूक विषय चारचौघांत काढावा लागत नाही. तर मग शर्यत का नको बिनविरोध? खुर्च्या गोलाकार लावण्यात आल्या. भजी मागवण्यात आली. माघारीच्या वाटाघाटी सुरू झाल्या.

पुढच्या वर्षी आपलं नाव घेणार असाल तर आपण माघार घेतो, असं भाग्येश म्हणाला. शहाद्याच्या खेळाडूने उपविजेतेपद मागितलं, ते त्याला आणि भाग्येशला विभागून देण्यात आलं. दावीदला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी आधीपासून मागेच आहे. माघार आणखी कुठे घेऊ?" ते मान्य धरण्यात आलं. दिग्विजयची संमती त्याच्या नेटवर्कमुळे येऊ शकली नाही, म्हणून ती आहे असं समजण्यात आलं. राहता राहिली मयूरी.

"गाडी सगळ्यात चांगली मयूरीताईच चालवतात, त्यात वादच नाही," भाग्येश मनापासून म्हणाला. या वेळी त्याने डोळे मिचकावले नाहीत. "पण अडचण अशी, की अध्यक्षांच्या घरातली सून जिंकली, तर लोक काय म्हणतील? समितीची बदनामी होईल."

"खरं आहे," चारी बाजूंनी आवाज आले. "खरं आहे."

"मी शर्यत लावून जिंकते की!" मयूरी म्हणाली. "मग कोण काय म्हणेल?"

"जिंकलात तर जास्तच म्हणतील," एक वयस्कर गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले.

मग असं नाव शोधायचं ठरलं, की ज्याच्यावर कुणाचाच आक्षेप नसेल. ज्याच्याकडे वेगवान गाडी नाही आणि मंदही नाही. ज्याने सराव केलेला नाही. ज्याचं गाडी चालवण्याबद्दल आजवर कुणीही कौतुक केलेलं नाही. निकष एकेक करून लावत गेल्यावर सभागृहात सर्वांच्या नजरा आपोआप एकाच खुर्चीकडे वळल्या. हेमकांत आप्पांनी आयुष्यात सायकलपुढचं वाहन हाती घेतलं नव्हतं. सासऱ्याच्या समितीत सून जिंकली तर लोक काय म्हणतील, ही चिंता करणाऱ्यांपैकी कुणालाही अध्यक्षच जिंकले तर काय म्हणतील, हे सुचलं नाही. कारण आता म्हणायला लोक उरलेच नव्हते. ते सगळे सभागृहात होते.

"नाही, नाही," आप्पा म्हणाले, आणि जाकिटाची बटणं लावली.

भाग्येशने नाव सुचवलं. अनुमोदन कुणी द्यावं, यावर थोडी कुजबुज झाली. सगळ्यांना वाटलं, ते मयूरीनेच द्यावं. घरचं माणूस आहे, तांत्रिक सचिव आहे, शोभून दिसेल. मयूरी उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे पुण्याचं ते शिबिर होतं, घड्याळ लावून बसलेला तो जाणता माणूस होता. 'विरोध आहे' हे दोन शब्द तोंडाशी आले होते. तिने सभागृहाकडे पाहिलं. भजी गार होत होती. सगळे तिच्याकडे प्रेमाने बघत होते, आणि 'विरोध' म्हणताक्षणी ती या गावात, या घरात, उरलेल्या जन्मात 'त्या बिनविरोधला विरोध करणारी' म्हणून ओळखली जाणार होती. कोपऱ्यात जसोदाबाई डोळे मोठे करून काहीतरी खुणावत होत्या. 'बोल' म्हणत होत्या की 'गप ऱ्हाय' म्हणत होत्या, हे तिला कळलं नाही. तिने सोयीचं ते घेतलं. तिचा हात वर गेला.

वाचकहो, तिला नावं ठेवण्याआधी तुमची गेली सर्वसाधारण सभा आठवा. विषय काय होता ते तुम्हाला आठवत नसेल. हात वर केल्याचं आठवेल, आणि बिस्किटाचा पुडा फुटेपर्यंत तो खाली घेतला नव्हता, हेही.

दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. त्यावर गॉगल लावलेले आप्पा होते, मागे ज्वाळा होत्या आणि खाली 'वेगाचा वाघ' असं लिहिलं होतं. शुभेच्छुकांमध्ये मयूरीचा फोटो भाग्येशच्या शेजारी, थोडा लहान होता. पुण्याच्या संघानेही नाव स्वीकारल्याचं कळवलं. इतकी नियमबद्ध मालिका त्यांनी पाहिली नव्हती, आणि आपल्या सर्व जिल्ह्यांसाठी नियमांची एक प्रत त्यांनी मागवली होती.

निघायच्या दिवशी दुपारी हेमराज गाडी काढायला गेला असताना आप्पा टेबलाजवळ आले. आज त्यांनी कार्यालयीन मराठी बाजूला ठेवली होती. ते खुर्चीवर टेकले, स्टिअरिंगला हात लावला, पायाखाली वाकून बघितलं आणि कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली.

"मयूरी, बाळा," ते हळूच म्हणाले, "तेवढा ब्रेक कोणता, ते दाखवून ठेवतेस का?"